खोकल्याची जागा

कादर सर गेल्याचं मला मारेगावच्या बस स्टँडवर कळलं. उमरखेडचा त्यांचा भाचा भेटला. "मामू गेले ना जी, महिना झाला," म्हणाला. मी गाडी सोडून दिली आणि बाकावर बसून राहिलो. महिनाभर आपण खात-पीत, हसत होतो याचाच राग आला.

विदर्भ मुंबई राज्यात गेला त्याच्या पुढच्या वर्षी ते यवतमाळला आमच्या कॉलेजात वाद्यवृंद शिकवायला आले. तो भाऊ मास्तरांनी उभा केलेला; मास्तर नुकतेच वारले होते. मास्तर खाली बसून, पेटी वाजवत आमची तालीम घ्यायचे. त्यांना दमा होता. स्नेहसंमेलनाच्या रचनेत एका वळणावर त्यांना हटकून खोकला यायचा, पेटी थांबायची, आम्हीही थांबायचो. उपरण्याने तोंड पुसून झालं की पुढे. अशाने तो खोकला आमच्या बोटांत जाऊन बसला.

कादर सर उभे राहून हाताने इशारे करायचे. बँडवाल्यांच्या घरचे म्हणून गावात कुजबुज होतीच, त्यात आम्ही मास्तरांची पोरं. त्यांच्याशी धड बोलतही नव्हतो. पहिल्याच तालमीत सगळे त्या वळणावर थांबलो तेव्हा ते चक्रावले. "काहून थांबले रे?" सतारीवरची सुमती म्हणाली, "सर, इथं मास्तर खोकायचे ना." ते हसले नाहीत. घोटून घोटून ती जागा त्यांनी आमच्याकडून भरून घेतली.

कार्यक्रमाला पहिल्या रांगेत मास्तरांच्या पत्नी बसल्या होत्या. ते वळण आलं आणि... सगळेच थांबलो. कोणी ठरवलं नव्हतं. माझी बासरी ओठाला तशीच. त्या शांततेत मला खोकला ऐकू आला, आजही शपथेवर सांगेन. सुमतीलाही आला होता. नवा माणूस, पहिलाच कार्यक्रम, सरांची अब्रू जायची वेळ... पण ते रागावले नाहीत. वर केलेला हात तसाच ठेवून थांबले, मास्तरांचं तोंड पुसून होईल इतका वेळ. मग हात खाली आणला. नंतर टाळ्या पडल्या म्हणतात. मला आठवत नाहीत.

पुढे त्यांनी ती जागा कधीच भरली नाही. दर वर्षी नव्या मुलांना तिथं थांबायला शिकवलं. शेवटचे भेटलो तेव्हा चहा पिता पिता म्हणाले, "थे जागा मास्तरायची हाये. मी नुसती राखण करून राह्यलो. माहं काय राहीन रे तिथं?" मी काहीतरी गुळमुळीत बोललो. त्यांना ते पटलं नाही, हे दिसत होतं.

परवा कॉलेजात गेलो. सरांच्या जागी अजून कोणी आलेलं नाही. मुलं आपली आपणच तालीम करत होती. मास्तरांना यांच्यातल्या कोणी पाहिलेलं नाही. ते वळण आलं, मुलं थांबली. मी खोकल्यासाठी कान दिला... काहीच आलं नाही. मुलांनी मात्र माना वर केल्या होत्या. खाली, मास्तर पेटी घेऊन बसायचे तिकडे, कोणीच पाहत नव्हतं. समोरच्या रिकाम्या जागेत, उभ्या माणसाचा हात जिथं असतो, तिथं सगळ्यांची नजर लागली होती. आणि तो हात खाली आल्यासारखी सगळी एकदम वाजवू लागली.