उघडी राहिलेली कॉमेंट

आमच्या ऑफिसात नवीन आलेल्या मुली कोडमधला एखादा भाग नको झाला की सरळ पुसून टाकतात. विचारलं तर म्हणतात, "दीदी, हिस्टरीमध्ये आहे ना, पाहिजे तेव्हा परत आणू." आहे, मान्य. जुनं सगळं तारीखवार जपून ठेवणारी सोय आता प्रत्येकाकडे असते, आणि ती वापरायला मीच त्यांना शिकवते. तरी पुसायची वेळ आली की माझं बोट अजून अडतं. मी ज्या ऑफिसात हे काम शिकले तिथे पुसणं हा गुन्हा मानत. तिथे कोड झोपवत असत.

ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही त्यांच्यासाठी सांगते. प्रोग्राममध्ये मशीनसाठी आज्ञा असतात आणि मधेमधे माणसांसाठी लिहिलेली टिपणं असतात. या टिपणांना कॉमेंट म्हणतात. टिपणाच्या आधी एक ठरलेली खूण असते, ती दिसली की मशीन तेवढा मजकूर सोडून पुढे जातं. मग कुणा हुशार माणसाच्या लक्षात आलं असणार की तीच खूण चालत्या आज्ञेला लावली तर मशीन तिलाही टिपण समजून सोडून देईल. आज्ञा जागच्या जागी राहते, फक्त चालत नाही. खूण काढली की पुन्हा कामाला लागते.

मी हे शिकले सुरतेत, उधन्याच्या एका क्लासमध्ये, निळ्या पडद्यावर. पांडेसऱ्याहून शेअर रिक्षाने जायचे, आणि उशीर झाला की दाराजवळचा सगळ्यात रडका कॉम्प्युटर वाट्याला यायचा. सी भाषेची खूण म्हणजे सुरुवातीला तिरपी रेघ आणि चांदणी, शेवटी चांदणी आणि तिरपी रेघ. मधलं सगळं झोपेत, मग ती एक ओळ असो की शंभर. पुढे इतर भाषा भेटल्या, तशी प्रत्येकीची तऱ्हा कळली. पायथॉनमध्ये असं मोठं पांघरूण नाही, प्रत्येक ओळीच्या कपाळाला हॅश लावत बसा. काही भाषा एका पांघरुणात दुसरं पांघरूण चालवून घेतात. सीला ते मुळीच जमत नाही. उघडणाऱ्या खुणा तिला दहा दिसल्या तरी बंद करणारी पहिली खूण आली की ती जागी होते. क्लासच्या बाईंनी हे परीक्षेत हमखास येतं म्हणून सांगितलं होतं आणि मी ते पाठ केलं होतं. परीक्षेत आलं नाही.

पहिली नोकरी लागली ती कपड्याच्या मिलांसाठी सॉफ्टवेअर करणाऱ्या एका छोट्या ऑफिसात. तिथले मोठे सर गुजराती, साठीला टेकलेले, चष्मा कपाळावर ठेवून चष्मा शोधणारे. पहिल्याच दिवशी मी काहीतरी पुसायला गेले तर म्हणाले, "बेन, काढवानुं नहीं. सुवडावी देवानुं." म्हणजे काढायचं नाही, झोपवून द्यायचं. त्यांचे सीमधले प्रोग्राम उघडले की निम्मा गाव झोपलेला दिसायचा. बंद पडलेल्या मशीनचे नियम, कधीकाळच्या मॅनेजरने केलेले आणि दुसऱ्याने मोडलेले नियम, आणि प्रत्येकाखाली सरांचं गुजराती टिपण, तेही इंग्रजी अक्षरांत. 'हे चालू करू नये, शेठ चिडतात.' 'हे का लिहिलं ते आठवत नाही, पण काढू नये.' दुपारचा डबा खाताना मी ती टिपणं वाचायचे आणि एकटीच हसायचे. त्या वाचनाची मला आजही आठवण येते.

यातलाच एक प्रोग्राम पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलमध्ये चालायचा. कुणाला कुठली पाळी हे तो ठरवायचा आणि शुक्रवारी कागद छापून द्यायचा. त्या मिलमध्ये माझे वडील, आप्पा, जेट मशीनवर होते, ज्यात कापडाचे ताके रंगवतात. मी जन्मले तेव्हापासून होते.

त्या प्रोग्राममध्ये कानबाईचा नियम होता. नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशात कानबाई देवी बसते, आणि सुरतेतला आमच्यासारखा खानदेशी माणूस त्या दिवशी मशीनवर दिसणं कठीण. सरांनी हे वर्षानुवर्षं सोसलं आणि शेवटी नियमच लिहून टाकला: त्या रविवारी खानदेशच्या यादीतल्या कुणाला पाळी द्यायची नाही. खाली टिपण होतं, 'कानबाईना दिवसे खानदेशवाळा आवशे नहीं. माथाकूट करवी नहीं.' म्हणजे ते येणार नाहीत, उगीच डोकेफोड करू नये. तारीख दरवर्षी बदलते, म्हणून हा नियम वर्षभर झोपलेला असायचा. त्या आठवड्यात खुणा काढून तो जागा करायचा आणि सण झाला की पुन्हा झोपवायचा. मी लागले त्या वर्षी हे काम सरांनी माझ्याकडे दिलं.

आप्पा तसे अबोल. पण त्या श्रावणात त्यांनी मिलमध्ये आणि गावाकडे फोनवर सांगून ठेवलं की यंदा सगळ्या खानदेशला सुट्टी आपली अंडेर देणार आहे. अंडेर म्हणजे लेक. मिलमधले लोक त्या प्रोग्रामला 'तुनी अंडेरनं मशीन' म्हणू लागले. माय वैतागून म्हणायची, "पुरं करा आते." आणि स्वतः शेजारणीला तेच सांगून यायची.

त्या वर्षी आणखी एक गोष्ट होती. आप्पा आणि त्यांचे थोरले भाऊ, आमचे मोठे बाबा, यांचे कानबाईचे रोट वेगळे झाले होते. रोट म्हणजे सणाचा नैवेद्य, सगळ्या भाऊबंदांनी एका घरी बसून खायचा. शेताच्या बांधावरून बोलाचाली झाली आणि सात वर्षं दोन घरांत दोन रोट झाले. आप्पा सणाला गावी जायचे ते चुलत्याकडे उतरायचे. त्या श्रावणात मोठे बाबा आजारी होते, आणि त्यांनी निरोप पाठवला: यंदा रोट एकत्र करू, ये. आप्पांनी दोंडाईच्याचं तिकीट त्याच दिवशी काढलं. नवा शर्ट घेतला, आणि तो मायला तीनदा इस्त्री करायला लावला.

सोमवारी मी नियम जागा केला आणि घरी येऊन सांगितलं. गुरुवारी मिलच्या मॅनेजरचा फोन आला. त्या रविवारी बॉयलरची सफाई ठरली होती, ती पुढे ढकलली, तर सफाईचा नियम बंद करून द्या. मी मिलमध्ये गेले. तिथल्या कॉम्प्युटरवर साधं नोटपॅड, झोपलेला भाग हिरवा दाखवणारी सोय त्यात नव्हती. सफाईच्या नियमावर उघडणारी खूण टाकली, तेवढ्यात मॅनेजरनी दुसऱ्याच गोष्टीसाठी हाक मारली. परत येऊन फाइल सेव्ह केली आणि निघाले.

शनिवारी सकाळी आप्पा पिशवी न भरता बसले होते. म्हणाले, "यंदा लोड शे. सुपरवायझरनी विनंती करी, मी हाव म्हनं."

माझा संतापच झाला. सात वर्षांनी भावाने बोलावलं आणि तुम्ही सुपरवायझरला हो म्हणता? हट्ट सोडवत नाही तर तसं म्हणा, लोडचं कशाला सांगता? मी जे तोंडाला येईल ते बोलले. आप्पा शर्टाची घडी घालत राहिले. मग त्यांनी गावी फोन लावला. त्यांचा फोन इतका मोठ्याने बोलायचा की मोठ्या बाबांचा शब्द न् शब्द खोलीत ऐकू आला.

"डुटी? तुनी अंडेरनं मशीन समदासले सुटी देस, नि तुलेच डुटी? येवानं नही व्हई ते तसं सांग."

आप्पा म्हणाले, "तसं नही, दादा." तिकडून फोन ठेवला होता.

दहा-बारा दिवसांनी मी कानबाईचा नियम झोपवायला मिलमधली फाइल आणून उघडली, आपल्या ऑफिसात, रंग दाखवणाऱ्या पडद्यावर. तो आधीच झोपलेला होता. सफाईच्या नियमापासून खालपर्यंत सगळं हिरवंगार. बंद करणारी खूण मी टाकलीच नव्हती. मशीन ती शोधत खाली गेलं, कानबाईचा नियम ओलांडून गेलं, आणि सरांच्या 'माथाकूट करवी नहीं' या टिपणाच्या शेवटी जी खूण होती तिथे जागं झालं. टिपण नसतं तर प्रोग्राम अडला असता, ओरडला असता. तो बिनतक्रार चालला.

मी तशीच मिलमध्ये गेले. सुपरवायझर म्हणाला, "अरे बेन, उस शुक्रवार तो हल्ला हो गया था. सब खानदेशवालों की ड्यूटी आ गई. मैं आपके ऑफिस में फोन लगा रहा था, आपके पप्पा ने हाथ पकड़ लिया. बोले, लड़की नई है, उसके साहब को मत बोलो. एक पुराना आदमी तो मुझे चाहिए था. बोले, सबको जाने दो, मैं रुकता हूँ."

संध्याकाळी आप्पा नळावर हात धूत होते. कोपरापर्यंत निळा रंग होता. मी विचारलं, मला का नाही सांगितलं? ते हात चोळत म्हणाले, "समदा म्हनेत, तुनी अंडेरनं मशीन. त्यासनामोर ते चुकनं असं मी कसं म्हनू?"

मी म्हटलं, मोठ्या बाबांना फोन करून सांगते. ते म्हणाले, "ऱ्हाऊ दे. पुढला साल जासूत." आणि खरं सांगते, मला सुटल्यासारखं वाटलं. नोकरी नवीन होती, सरांना कळलं नव्हतं, मिलवाले विसरले होते. मी ती खूण टाकली, फाइल सेव्ह केली आणि गप्प बसले.

माघात मोठे बाबा गेले. आम्ही सगळे भुसावळ गाडीने गेलो. दहाव्या दिवशी भाऊबंद ओसरीवर बसले होते, तेव्हा मोठ्या बाबांची बायको, आमची मोठी आई, आप्पांच्या समोर येऊन बसली. कानबाईच्या रोटासाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू घेतात. ती म्हणाली, "भाऊ, तुमना नावना गहू टाकात त्यास्नी. मी म्हनं, भाऊ येवाना नही. ते म्हनेत, येवो ना येवो, गहू टाक." रोट घराबाहेर द्यायचा नसतो आणि टाकायचाही नसतो. "तुमना वाटाना रोट दोन दिन त्यास्नीच खादा. अन्न जात नव्हतं तरी खादा."

आप्पा मान खाली घालून बसले होते. एक चुलते म्हणाले, आला असता तर काय बिघडलं असतं. मग मी बोलले. उभी राहून, सगळ्यांसमोर, चूक माझी होती, सुट्टी माझ्यामुळे गेली, आणि आप्पा ती झाकायला थांबले, हे सगळं सांगितलं. सांगताना मी रडत होते.

मोठ्या आईने माझा हात धरून मला खाली बसवलं. रागावली नाही. फक्त म्हणाली, "हाई त्यासले सांगानं व्हतं ना व, माय."

मोठ्या बाबांचा नंबर माझ्या फोनमध्ये होता. श्रावणापासून माघापर्यंत होता.