ताटातून येणारा कावळा

काऊकाकांना कोणतीही गोष्ट सरळ सांगता यायची नाही. ससा-कासवाची शर्यत त्यांनी पनवेल ते उलवे अशी लावली होती. ससा डंपरांच्या रांगेत अडकतो, हॉर्न ऐकून ऐकून कंटाळून तिथेच झोपतो, आणि कासव खाडीतून आरामात पोहत जाऊन पहिलं येतं. त्यांचा तहानलेला कावळा उलव्याच्या एका बांधकामावर उतरतो. तिथे खडी हवी तेवढी, माठ मात्र ठणठणीत कोरडा. शेवटच्या चित्रात तो हंडा घेऊन टँकरच्या रांगेत उभा असतो आणि पुढच्या बाईशी भांडत असतो. अशा चित्रांच्या झेरॉक्स काढून, मधोमध पिना मारून काकांचं पुस्तक तयार व्हायचं आणि दर दिवाळीला आमच्या इमारतीत घरोघर पोचायचं. कोपऱ्यात सहीऐवजी एक छोटा कावळा असायचा. त्यावरून पोरांनी त्यांना काऊकाका करून टाकलं, आणि मग आम्ही मोठेही तेच म्हणू लागलो.

काका मूळचे करंजाचे, कोळी. उमेदीची सगळी वर्षं होड्या रंगवण्यात गेली. होडीच्या नाकावर डोळे, मासे, देव आणि मालकाच्या मुलीचं नाव काढून द्यायचे. म्हातारपणी काकींबरोबर पनवेलला आमच्या तळमजल्यावर राहायला आले. मुलगा-सून उलव्याला. काकी गेल्यानंतरची पहिली दिवाळी आली तेव्हा त्यांच्याकडे सगळ्या घरांतून फराळाची ताटं गेली. आता फराळाचं ताट रिकामं परत द्यायचं नसतं हे काकांना पक्कं ठाऊक होतं, पण चकल्या पाडणार कोण? त्यांनी आपल्या हिशेबानं घरातली सगळ्यात भारी वस्तू काढली. करंजाहून बहिणीनं पाठवलेले सोडे. वाळवलेल्या कोलंबीची एकेक मूठ प्रत्येक ताटात घालून, वर भरतकामाचा रुमाल झाकून त्यांनी ताटं परत केली.

दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या घरी अंडंसुद्धा चालत नाही. रुमाल उचलल्यावर त्यांनी जी आरोळी ठोकली ती मी चौथ्या मजल्यावर ऐकली. ताट चिंचेनं घासलं, राखेनं घासलं आणि शेवटी भंगारात दिलं. मी पुण्याची असले तरी सोड्यांची खिचडी करून खाल्ली आणि उत्तम झाली होती. काकांना मात्र वाईट वाटलं. “वास येतो, पन चावत नाय,” एवढंच म्हणाले. पुढच्या वर्षी ताटं परत आली तेव्हा रुमालाखाली पुस्तक होतं. ते वाचून सगळ्यात मोठ्यानं हसल्या त्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकूच.

मी या उद्योगात शिरले ते माझ्या अक्षरामुळे. होडीवरचं नाव धक्क्यावरून वाचता आलं पाहिजे या सवयीनं काका इतकं मोठं अक्षर काढायचे की पात्रांच्या तोंडच्या फुग्यात एक शब्द जेमतेम मावायचा. शिवाय फुगे ते आधी काढून ठेवायचे. मी म्हणायचे, “काका, आधी वाक्य ठरवा, मग त्याच्या मापाचा फुगा काढा.” तर ते म्हणायचे, “मानूस आधी तोंड उघडतो, बाय. काय बोलायचं ते मग.” त्यांनी सांगितलेलं कापून, दाबून मी फुग्यात बसवायचे. चित्राला हात लावायची मला सक्त मनाई होती. “रेघ माझी, अक्षर तुझं,” हा आमचा करार.

एक गोष्ट त्यांनी जवळजवळ दरवर्षी काढली. कावळ्याचं शेणाचं घर पावसात वाहून जातं आणि तो चिमणीच्या दारात येतो, ती. काकांच्या पुस्तकात चिमणी चौदाव्या मजल्यावर राहते. भिजलेला कावळा गेटवर येतो, वॉचमन विचारतो, “कोणाकडे? किती जण? ओटीपी सांगा.” कावळा म्हणतो, “फोन घरात होता, घर वाहून गेलं.” वॉचमन म्हणतो, “मग वहीत सही करा.” या पानावर इमारतीतले सगळे पोट धरून हसायचे. काका तेवढे हसायचे नाहीत. “कावला भायेरच ऱ्हायला की,” म्हणायचे.

एकदा मी विचारलं की एवढं काय त्या कावळ्याचं घेऊन बसलाय. तेव्हा ब्रश पुसत त्यांनी सांगितलं. ते लहान असताना करंजाला वादळात त्यांच्या घराची कौलं उडाली. आईनं त्यांना काखोटीला मारून शेजारचं दार वाजवलं. “उघडलं त्यांनी, नाय उघडलं असं नाय. त्यांच्याच घरात मानसं मावत नव्हती. पन आधी आतून विचारलं, कोन हाय, किती जन हाव. आये पावसात उभी ऱ्हावून मानसं मोजत होती.” मग ब्रश डब्यात ठेवून म्हणाले, “एकदा तरी कावल्याला घरात घ्यायचाय मना. पन जमत नाय. गमतीचं काढायला बसलो की तो वॉचमनच आडवा येतो.”

गेल्या वर्षी गणपतीच्या सुमारास त्यांचा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, पण रेघ काही पूर्वीसारखी येईना. काकांनी त्यावर तोडगा काढला. “थंडी पडलीय असं लिही.” त्यामुळे त्या पुस्तकात ससा कुडकुडतोय, कासव कुडकुडतंय, माकडांनी पळवलेल्या टोप्या कानटोप्या आहेत. आमच्याकडे स्वेटर फक्त बाहेरगावी जाताना निघतात, पण कुणाची तक्रार नव्हती. मलाच ते फुगे भरताना जड जायचं. मुलगा म्हणाला, “बाबा, यंदा ऱ्हाऊ द्या, मिठाई वाटू.” काका ऐकायला तयार नव्हते. या वर्षी कावळा आत गेला नाही तर पुढे आपला हात त्याला नेणार नाही, हे त्यांना कळलं होतं आणि मलाही.

धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी शेवटचं पान राहिलं होतं. पाऊस थरथरला तर बिघडत नाही. कावळा तर भिजलेलाच. पण दाराला सरळ रेघा लागतात. काकांनी दोन कागद फाडले, तिसऱ्यावर दार काढलं. चौकट एका बाजूला कलली होती आणि फळी तिच्यात कुठल्याच कोनातून बसली नसती. मी पट्टी घेऊन तयारच होते. “सरळ करून देऊ का, काका?”

त्यांनी चित्र लांब धरून पाहिलं. “नको. वाकडं दार लागत नाय, बाय. ऱ्हाऊ दे उघडं.”

“आणि चिमणीच्या फुग्यात काय लिहू?”

“‘ये’. बाकी काय इचारायचं नाय त्याला.”

मी पेन उघडलं, तर त्यांनी ते माझ्या हातातून घेतलं. तेवढा एक शब्द त्यांनी स्वतः लिहिला, होडीवर लिहावा तसा. फुगा काठोकाठ भरला. दोन दिवसांनी सगळी ताटं वेळेवर परत गेली.

होळीच्या आधी काका गेले. आता त्यांच्या घरात मुलगा-सून राहायला आले आहेत. सून गुणी आहे. या दिवाळीत मी पाठवलेलं ताट तिनं दुसऱ्याच दिवशी परत केलं, घरी केलेले शंकरपाळे भरून, वर तोच भरतकामाचा रुमाल झाकून. मी रुमाल उचलला. शंकरपाळे छान खुसखुशीत होते. पण माझं ताट पहिल्यांदाच रिकामं परत आलं होतं.