गुलाबजींची लुगदी

पांढुर्ण्याच्या बाजारात गुलाबजींचं दुकान आहे. रेडिओ, टीव्ही, मिक्सर, संत्र्याच्या बागेतल्या मोटारीचा स्टार्टर, जे येईल ते गुलाबजी उघडतात. उघडण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. बंद करायचं मात्र देवाच्या हाती. "मले जमत नाही" हे तीन शब्द या माणसाच्या तोंडून आजवर कोणी ऐकले नाहीत. नाही जमलं, की ते म्हणतात, "कंपनीचाच फॉल्ट आहे." मग गिऱ्हाईक बिचारं कंपनीला शिव्या देत घरी जातं.

त्यांची सगळी विद्या दोन गोष्टींत आली: डायरेक्ट आणि लुगदी. बारीकसा पार्ट जळाला, तर नवा कोण शोधत बसतो? त्या जागी तारेचा तुकडा जोडला की झालं डायरेक्ट. वर दोन पुड्या कालवून केलेली काळी लुगदी थापायची. वाळली की दगड. खाली काय पाप केलंय ते मग कोणाच्या बापाला दिसत नाही.

असल्या माणसाच्या पोटी डिंपलसारखी पोरगी आली हे नवलच म्हणा. शिकली, धडपडली आणि पुण्याच्या एका कंपनीच्या शेवटच्या मुलाखतीपर्यंत पोचली. घरी बसून नोकरी, मुलाखतही घरूनच. फक्त ती लॅपटॉपवरच द्यायची, मधेच परीक्षा असते, मोबाईल चालत नाही. मुलाखत दसऱ्याच्या दोन दिवसांनी होती.

दसऱ्याला अवजारांची पूजा आपण सगळेच करतो. गुलाबजींनी पक्कड, पेचकस, मीटर ओळीनं मांडले आणि बरोब्बर मधोमध ठेवला डिंपलचा लॅपटॉप. सोनं द्यायला येणाऱ्यांना दिसायला नको?

"बाबा, त्याच्यावर काही टाकू नका हो," डिंपल म्हणाली.

"हट्! सरस्वती आहे ते. तिले काय उपाशी ठेवतं?"

आणि हळद, कुंकू, ओल्या अक्षता अशा मूठमूठ उधळल्या, जसं काही लॅपटॉपचं लग्नच लागत होतं. त्यातला एक दाणा नेमका चार्जिंगच्या खाचेत जाऊन बसला. सरस्वती जेवली.

संध्याकाळी चार्जरची पिन आत जाईना. दुसरा कोणी असता तर उलटा करून झटकला असता. गुलाबजींनी जोर लावला. दाणा आणखी आत रुतला. मग त्यांनी पोती शिवायचं दाभण आणलं आणि कान कोरावा तसं कोरलं. त्या खाचेत मधोमध एक बारीक जीभ असते, तिच्यातूनच सगळा करंट जातो. दाणा निघाला, पण जीभ घेऊनच निघाला.

डिंपल रडकुंडीला आली. "बाबा, सौसरले प्रणालीताईकडे नेऊ. ते भिंगाखाली करते हे काम."

"गुलाबच्या घरची वस्तू सौसरले? अन् तेही एका पोरीकडं? नाक कापाचं आहे का माहं?"

नाक वाचवायला त्यांनी लॅपटॉप उघडला. ती खाच असलेला नखाएवढा जॅक काढायचा, तर हाती घेतलं रेडिओच्या जमान्यातलं, अंगठ्याएवढं जाड सोल्डरिंगचं हत्यार! जॅक निघाला, सोबत बोर्डावरच्या तांब्याच्या पट्ट्याही उखडून आल्या. शेजारचा तिळाएवढा फ्यूज हत्याराला चिकटला. गुलाबजींनी कचरा समजून फुंकून टाकला. समजलं तेव्हा काय करणार? डायरेक्ट! कुठल्यातरी जुन्या बोर्डाचा जॅक बसवला, वर लुगदी थापली आणि चार्जर लावला. आतून धूर निघाला.

"कंपनीचाच..." गुलाबजींनी सुरुवात केली. समोर डिंपल उभी होती. त्यांनी चार्जर उपसून काढला.

सकाळच्या बसनं बापलेक सौसरला निघाले. डिंपल खिडकीकडे तोंड करून बसली होती, अबोला धरून. जामसांवलीच्या फाट्यावर गुलाबजींनी मारुतीला हात जोडले आणि कोणी ओळखू नये म्हणून गमछा नाकापर्यंत ओढून घेतला.

प्रणालीचं दुकान बसस्टँडमागे आहे. तिनं लॅपटॉप उघडला, भिंगातून पाहिलं आणि कपाळाला हात लावला.

"कोणी केलं हे?"

"आहे पांढुर्ण्यात एक जण," गमछ्यातून आवाज आला.

"गाढव आहे का तो?"

"हाव... थोडासा."

"जॅक नवा बसून जाईन. उखडलेल्या पट्ट्यांच्या जागी केसाएवढी तार ओढता येते. पण या लुगदीखाली काय करून ठेवलं, ते समजल्याबिगर मी हात नाही लावत. आंधळेपणानं उकरली तं बोर्डच जाईन. त्याले फोन लावा अन् विचारा."

गुलाबजींनी खिशातून फोन काढला. आता लावणार कोणाला? उलटसुलट करून परत ठेवला. "लागून नाही राहिला."

"मंग राहू द्या. लागला की या."

मुलाखत तर उद्यावर आलेली. डिंपलनं लॅपटॉप परत घ्यायला हात पुढे केला.

गुलाबजींनी गमछा खाली घेतला. "फ्यूज डायरेक्ट केला आहे. तार डाव्या अंगानं, स्क्रूच्या खालून नेली. चार्जर लावला तं धूर निघाला." मग म्हणाले, "मले नाही जमलं, बाई."

"माहीत आहे, काका," प्रणाली म्हणाली. "हे लुगदी मी दुरून ओळखते. पांढुर्ण्याचं अर्धं काम तुमच्या हाताखालूनच येते माझ्याकडं. तुमच्या भरवशावर तं माही चूल पेटते."

गुलाबजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेव्हा काल संध्याकाळपासून गप्प असलेली डिंपल पहिल्यांदा बोलली. "बाबा, चाय पेता का?"

त्यांचे डोळे भरून आले. "धूर जाते बा डोळ्यात," ते म्हणाले. प्रणालीचं हत्यार अजून तापायचं होतं.

दिवस कलायच्या आत लॅपटॉप सुरू झाला. मुलाखत चांगली झाली, नोकरीही लागली. आता तुम्हाला वाटेल, गुलाबजी सुधारले. अहो, कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच! आठवड्याच्या आत चहाच्या टपरीवर त्यांची कथा रंगली.

"तार कुठून गेली ते तिले कुठं ठाऊक होतं? हात लावाले तयार नव्हती! मी सांगतलं तवा झालं काम."

आणि बघा, यातलं एक अक्षर खोटं नाही.

एवढ्यात डिंपल त्यांना जेवायला बोलवायला आली. तिनं सगळं ऐकलं होतं. "बाबा, प्रणालीताईचा फोन आला होता."

"पाहा!" गुलाबजी टपरीवाल्याकडे वळले. "अडली असन कुठं. काय म्हणे?"

"तुमचा फोटो मागते. येत्या दसऱ्याले अवजारांच्या मधात ठेवाचा आहे म्हणे, पूजेले," डिंपल म्हणाली. "मी म्हटलं, पाठवते ताई, पण अक्षता जपून टाकजा."