दृष्ट लागू नये म्हणून

झिनाइदा, म्हणजे झिना, पहिल्यांदा बर्फावर उभी राहिली ती रशियातल्या पेर्मच्या स्केटिंग रिंकवर, कठडा घट्ट धरून. वय सत्तेचाळीस. शेजारीण राईसाने तिला स्केटिंगच्या वर्गात ओढूनच आणलं होतं. वार्षिक कार्यक्रमात दोघींनी जोडीने नाचायचं ठरलं, म्हणून झिनाने दोघींचे सारखे निळे झगे शिवले.

कार्यक्रमाच्या दिवशी राईसा लाल झगा घालून आली. तिची जोडी शिक्षकांबरोबर होती.

"चार महिने वेगळी शिकतेय त्यांच्याकडे," ती म्हणाली. "रागावू नकोस गं झिनोच्का, आधी बोललं की दृष्ट लागते!"

"कुणाची? माझी?"

राईसा स्केटच्या नाड्या बांधायला वाकली. झिना त्या दिवशी बर्फावर उतरलीच नाही.

हल्ली ती मंगळवारी सकाळच्या वर्गाला जाते. राईसाचा वर्ग गुरुवारी असतो.