पदराने पुसलेला फळा

"पदराने पूस," तो म्हणाला.

मी पुसला. हे आधीच सांगून टाकते. पुढचं वाचून कोणी मला शूर म्हणायला नको.

तो म्हणजे आमच्या वॉर्डातला सत्ताधारी पक्षाचा माणूस. मागे एक हवालदार, मोबाइलमध्ये डोकं घातलेला. सकाळची वेळ, नळावर बाया. दहिसरच्या आमच्या चाळीच्या तोंडाशी भिंतीला काळा फळा आहे. त्यावर दोनच गोष्टी लिहायची रीत. पाणी कधी येणार आणि कोण वारलं. लिहिते मी. लिहिणाऱ्याचं नाव खाली टाकत नाहीत. फळा सगळ्यांचा.

त्या दिवशी पाण्याच्या वेळेखाली मी लिहिलं होतं, 'नळाला गटाराचं पाणी येतं. महापालिकेची निवडणूक कित्येक वर्षं नाही. आम्ही विचारायचं कोणाला?'

"कोणी लिहिलं?"

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे.

"मी. पाण्याचं लिहिलंय."

"मग पाण्याचंच लिही ना. सरकारविरोधी कशाला? मतदानाला रिक्षा पाठवतो ना तुला, म्हातारे?"

दोघी-तिघी हसल्या. मग तो जवळ आला, आवाज उतरवला. "चाळ पाडणार आहेत. नवीन घराला पात्र कोण, ती यादी माझ्या हातातून जाते. खोली पाहिजे ना?"

फळा पुसायचं फडकं खाली पडलं होतं. मी वाकले, तर त्याने ते पायाने गटारात लोटलं. पदराने पूस. पुसलं. हवालदाराने फोटो काढला.

शेजारची शेवंता म्हणाली, "बरां केलंस गो. खोली तरी ऱ्हवली."

दुपारी पदर धुतला. खडू लगेच निघाला. मी तशीच मोरीत बसून राहिले.

मरोळच्या कारखान्यात मी तीस वर्षं खोकी भरली. सुपरवायझर आईवरून शिव्या द्यायचा. मी मनात म्हणायचे, दे. मतदानाला तू आणि मी एकाच रांगेत. तुझं एक, माझं एक. माझ्याकडे तेवढीच बरोबरी होती. आता महापालिकेची ती रांगच लागत नाही. रांग कुठे गेली, एवढं विचारलं तर बाईला तिच्या पदराने तिचेच शब्द पुसायला लावतात. आणि मी पुसले. खोलीसाठी.

संध्याकाळी खडू घेऊन गेले. तेच शब्द पुन्हा लिहिले. खाली माझं नाव लिहायला लागले.

शेवंता धावत आली. "नाव नको गो घालू. यादीतसून काढतीत तुका."

"नाव नसलं तर सगळ्या चाळीला धरतील. सर बाजूला."

त्या फळ्यावर आजवर फक्त मेलेल्यांची नावं लागली होती. माझं पूर्ण लिहिलं. नवऱ्याचं नाव, आडनाव, सगळं.

यादी अजून लागलेली नाही. तो परत येईल. या वेळी पुसायचं तर त्याने त्याच्या शर्टाने पुसावं. मी पुन्हा लिहीन.

वय एकाहत्तर. शाळा चौथी. खोली नंबर अकरा. पुसलं ते मी, लिहिलं तेही मीच.