जिन्याजवळचा हौद

१२ फेब्रुवारीला शनिवार पेठेतल्या आमच्या सोसायटीत लिफ्टसाठी खड्डा खणायला घेतला. सेक्रेटरी मी, म्हणून उन्हात उभी मीच. पहिली पहार पडली आणि तिसऱ्या मजल्यावरचे काका आठवले. भर रस्त्यात थांबून ते टाच आपटायचे आणि म्हणायचे, “ऐका. पोकळ वाजतंय.”

असा माणूस तुमच्याही पेठेत असेल. समोरच्याला घाई आहे हे त्याला दिसत नाही. काकांच्या मते दिसतं ते पुणं निम्मंच. पेशव्यांनी कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालून शहरात आणलं, हौद भरले, आणि आपण त्यावर डांबर ओतून मोकळे झालो.

बुधवार पेठेत एकदा ते एका मोबाइलच्या दुकानाच्या दारातच टाच आपटत राहिले.

“काका, गिऱ्हाईक अडतंय,” दुकानदार म्हणाला.

“अहो, इथून अख्ख्या पेठेचं पाणी जायचं. चालू द्या तुमचे चार्जर.”

मी पिशव्या उचलून पुढे निघाले.

आमच्या जिन्याजवळही हौद बुजलाय, असं ते सांगायचे. नेमकी लिफ्टची जागा. गुडघ्यांमुळे जिना चढवेना, म्हणून ते हडपसरला मुलीकडे राहायला गेले. तरी लिफ्टला विरोध त्यांचाच. “हौदावर उभं करून मला वर चढवणार, सेक्रेटरीबाई? त्यापेक्षा मी हडपसरला बरा.”

शेवटी मी शब्द दिला, हौद निघाला तर लिफ्ट मागच्या बाजूला नेऊ.

दुपारी मोठा दगड लागला. तो सरकवला आणि सगळ्यांनी नाकाला रुमाल लावले.

काकांचे फोन सकाळपासून चालूच होते. अंथरुणाला खिळले होते, आवाज बारीक झाला होता. संध्याकाळी पुन्हा फोन आला.

“काय निघालं?”

“जुन्या संडासाची टाकी.”

 

“मग हौद तिच्या उत्तरेला. दोन फूट खणायला लावा.”

“काका, उद्या सकाळी काँक्रीट येतंय.”

“येऊ दे की. थांबेल जरा. मी नाही थांबलोय?”

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या मुलीचा फोन आला. काका पहाटे गेले.

मी खाली उतरले. काँक्रीटची गाडी फाटकात घरघरत होती. ठेकेदाराला म्हटलं, आधी उत्तरेला दोन फूट खणा. तो घड्याळाकडे बघत राहिला. नुसता मुरूम निघाला. आणखी दोन फूट खणायला सांगितलं आणि हडपसरला जायला रिक्षा केली.