बोगनवेलीचं पाणी

सातपूरच्या ज्या कारखान्यात मी लेथवर टर्नर होतो, त्याच्या कंपाउंडच्या भिंतीवर बोगनवेल होती. पावसाळ्याच्या तोंडावर माळी ती छाटायचा आणि फांद्यांचा ढीग गेटजवळ पडून राहायचा. एकदा पहिली पाळी सुटल्यावर मी त्यातल्या तीन-चार जाडसर काड्या उचलल्या, वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि सायकलच्या कॅरिअरला लावून घरी आणल्या. नव्वद सालानंतरचे ते दिवस. अशोकनगरला आमचं छोटंसं बैठं घर नुकतंच झालं होतं. पुढं मूठभर अंगण होतं, आणि बायको रोज मागं लागायची, काहीतरी आणा ना लावायला.

तिनं पुडकं उघडलं आणि पहिला काटा तिच्याच बोटात गेला.

"अहो, लोक बायकोसाठी मोगरा आणतात," ती बोट चोखत म्हणाली. "तुम्ही काटे आणलेत."

पण लावल्या तिनंच. ती सायखेड्याची, शेतकऱ्याची मुलगी. काड्यांची टोकं तिरकी कापून, पानं काढून, रंगाच्या रिकाम्या डब्यात वाळू-माती भरून तिनं त्या खोचल्या आणि डबा सावलीत ठेवला. बाकीच्या कुजल्या, एक फुटली. तीच पुढं फाटकाशेजारी जमिनीत गेली.

वेल वाढली, पण फुलेना. दोन वर्षं नुसती पानं. ती सकाळ-संध्याकाळ पाणी घालायची, शेणखत घालायची, आमच्या तान्ह्या मुलीला कडेवर घेऊन वेलीशी भांडायचीसुद्धा. मग एका उन्हाळ्यात तिच्या धाकट्या भावाचं लग्न निघालं. ती मुलीला घेऊन माहेरी गेली आणि चांगली महिनाभर राहिली. मी कामावर जायचो, खानावळीत जेवायचो, येऊन झोपायचो. वेलीची मला आठवणसुद्धा राहिली नाही. ती परत आली तेव्हा रिक्षातून उतरून फाटकातच उभी राहिली. भिंतीवर पान दिसत नव्हतं, नुसता गडद गुलाबी रंग.

"काय घातलंत हो हिला?"

"काहीच नाही."

"पाणी?"

मी कोपऱ्यातल्या कोरड्या बादलीकडे पाहिलं. ती इतकी हसली की शेजारीण बाहेर आली. त्या दिवसापासून तिनं पाण्याचा हात आखडला. पानं अगदी माना टाकायला लागली की मगच बादली उचलायची. "हिला तहान लागल्याशिवाय फुलायचं सुचत नाही," असं येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. लोक रिक्षावाल्याला आमच्या घराची खूण म्हणून ती वेल सांगायला लागले.

मुलगी चौथीत असताना बायकोच्या पायांवर सूज दिसायला लागली. आम्हाला वाटलं, उभ्यानं काम करते म्हणून. मग चेहरा सुजायला लागला, चार पावलं चालताना दम लागायला लागला. डॉक्टरांनी रक्त तपासलं, मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथल्या डॉक्टरांनी मला एकट्याला आत बोलावलं. दोन्ही किडन्या जवळजवळ गेल्या होत्या. आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. मी पाळ्या बदलून घ्यायचो, तिला स्कूटरवर मागं बसवून न्यायचो. येताना ती माझ्या पाठीवर डोकं टेकून यायची, कारण बसवतच नसे.

सगळ्यात वाईट होतं ते पाणी. किडन्या ते बाहेर टाकत नव्हत्या, म्हणून दिवसाला एक लहानसा तांब्या, त्यातच गोळ्यांचं पाणी, त्यातच चहा. नाशिकचा एप्रिल, आणि एवढंसं पाणी. ती लिंबाची फोड जिभेवर धरायची, बर्फाचा खडा गालात ठेवायची, तोंडात पाणी घोळवून थुंकायची. भाजीतले क्षार चालत नव्हते, म्हणून ती आधी पाण्यात उकळून ते पाणी टाकायचं, मग करायची. नारळपाणी बंद, केळी बंद. भाऊ मळ्यातल्या द्राक्षांची पेटी घेऊन यायचा, त्यातली दोन-चार ती तोंडात टाकायची आणि पेटी शेजारी वाटून टाकायची.

एकदा अंगणात खुर्चीवर बसल्या बसल्या वेलीकडे बघत म्हणाली, "हिचं नि माझं पथ्य एकच झालं बघा. पण ही फुलते."

मी उगाच नळ घट्ट करत बसलो.

डायलिसिससाठी तिच्या डाव्या हातावर छोटं ऑपरेशन करून नस मोठी केली होती. त्या हाताला काटा लागता कामा नये, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. म्हणून छाटणी माझ्याकडे आली. ती खुर्चीतून सांगायची, मी कापायचो.

"ती नको! ती जुनी काढा, वाळकी. हां. आता ही लांबलेली. अर्धी नाही हो, अजून खाली."

"सगळी बोडकी होईल अशानं."

"होऊ द्या. नव्या फुटीलाच फूल येतं. तुम्ही कापायला घाबरता फार."

डॉक्टर म्हणाले, किडनी बदलता आली तर ती जगेल. माझा रक्तगट जुळत नव्हता. तिचे आईवडील थकलेले, दोघांनाही साखर. उरला धाकटा भाऊ. तो विचारायच्या आधीच म्हणाला, "ताई, मी हाय ना." त्याच्या तपासण्या झाल्या. सगळं जुळलं. त्या दिवशी दवाखान्यातून येताना ती स्कूटरवर सरळ बसून आली आणि वाटेत मुलीसाठी जिलबी घ्यायला लावली. आई बरी झाल्यावर काय काय करणार ते मुलगी रात्री जेवताना विचारत राहिली. बायको म्हणाली, "आधी माठातलं पाणी पिणार. पोटभर."

ऑपरेशनच्या थोडे दिवस आधी भाऊ एकटाच आला. दुपारची वेळ होती. त्या दिवशी तिला बरं वाटत होतं आणि मी नको म्हणत असतानाही तिनं वाळक्या काड्या काढायला उजव्या हातात कात्री घेतली होती. तो पायरीवर बसला. पाऊस, कांदा, पोरांची शाळा, सगळं बोलून झालं. मग पायरीच्या फटीतली माती नखानं उकरत राहिला.

"नाही जमणार ना रे?" तीच म्हणाली.

तो रडायला लागला. "ताई, मी तयार हाय गं. पण घरात लय गोंधळ झालाय. बायको विहिरीत उडी टाकीन म्हणती. सासऱ्यानं येऊन पोरांना माझ्या पायावर घातलं. म्हणले, तुझं काय बरंवाईट झालं तर यांचं कोण हाय?"

"रडू नको. बरोबर आहे त्यांचं. पोरं लहान आहेत तुझी."

ती एवढंच बोलली आणि वेलीकडे वळली. आणि फुलांनी लगडलेली एक अख्खी फांदी तिनं मुळाशी कापून खाली टाकली. फुललेल्या फांदीला ती कधी कात्री लावत नसे. मग दुसरी. मी जाऊन तिच्या हातातून कात्री काढून घेतली. तो गेला तेव्हा मी त्याला फाटकापर्यंत पोचवायलाही गेलो नाही.

"त्याच्यावर राग धरू नका," ती नंतर पुष्कळदा म्हणाली. मी हो म्हणायचो. पण मी त्याच्याशी बोलणं टाकलं ते टाकलंच.

आणखी दीड वर्ष ती डायलिसिसवर राहिली. शेवटचा उन्हाळा फार कडक होता. फुफ्फुसात पाणी भरलं म्हणून दवाखान्यात दाखल केलं. आतून पाण्यानं भरलेली बाई बाहेरून पाणी पाणी करत होती. नर्सनं सांगितलं होतं, ओठ ओले करा, त्याहून जास्त नको. मी चमच्यानं ओठ ओले करत होतो. तिनं माझं मनगट धरलं.

"अहो, एक घोट द्या ना. खरंच एकच."

"डॉक्टरांना विचारून देतो हं."

"तुम्ही विचारा. मी थांबते," ती म्हणाली.

डॉक्टर नाही म्हणाले. मी परत येऊन तिला ते सांगितलं, तर तिनं मान हलवली आणि डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.

तिला घरी आणलं तेव्हा वेल भरभरून फुललेली होती. लोक तिच्याच सावलीत उभे होते. वाऱ्यानं फुलं उडून बायकांच्या डोक्यावर, तिच्या अंगावरच्या हिरव्या साडीवर पडत होती, आणि कुणीतरी म्हणालं, किती छान वेल आहे. तिचा भाऊ कोपऱ्यात उभा होता. माझ्याजवळ यायची त्याची हिंमत झाली नाही.

त्यानंतर मी वेलीला पाणी घालायला लागलो. रोज. कामावरून आलो की चहासुद्धा न घेता आधी नळाला पाइप लावायचो आणि बुंध्याशी धरून उभा राहायचो. आळं भरायचं, पाणी वाहून फाटकाबाहेर जायचं, तरी मला हात मागं घेववत नसे.

मुलगी एकदा जवळ येऊन उभी राहिली. "बाबा, आई एवढं पाणी घालायची नाही."

"माहितीये मला."

"मग फुलं येणार नाहीत."

"नाही आली तर नाही आली."

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि आत निघून गेली. फुलं आलीच नाहीत. वेल हिरवीगार, पानांनी गच्च झाली. मला तेच बरं वाटायचं. पण आमच्याकडची काळी माती, पाणी धरून ठेवणारी. एका पावसाळ्यात पानं पिवळी पडायला लागली आणि दिवाळीपर्यंत सगळी वेल वाळून भिंतीवर काटेरी जाळ्यासारखी लटकत राहिली. ती तशीच राहू दिली. काढायला हात धजेना.

मुलीचं लग्न ठरलं तेव्हा ती म्हणाली, "मामाला बोलवायचंय. मला मांडवात मामाच आणणार." मी नाही म्हणू शकलो नाही. तिनंच फोन केला. तो दुसऱ्याच दिवशी पहिल्या बसनं आला. केस पार पांढरे झाले होते. फाटकातून आत आला, वाळलेल्या वेलीकडे बघत राहिला, आणि कुणाला काही न विचारता कोपऱ्यातली कुदळ घेऊन खणायला लागला. थोड्या वेळानं मीही पहार घेऊन गेलो. दोघांचे हात काट्यांनी फाटले. बुंधा निघाला तेव्हा मुळं हातात आली ती काळी, मऊ, लगद्यासारखी.

"दाजी," तो खाली बघून म्हणाला, "पाणी लय झालं हिला."

"हो," मी म्हणालो.

त्यानं खड्डा मातीनं भरला आणि पायानं दाबला. मी त्याला जेवून जा म्हणालो. तो थांबला. मुलगी वाढत होती, मामाला आग्रह करत होती, अगदी तिच्या आईच्या आवाजात. तो मान खाली घालून घास चावत राहिला. मला मात्र तो आवाज ऐकत तिथं बसवेना. मी ताटावरून उठलो आणि बाहेर येऊन पायरीवर बसलो.